बहिरेपण आमच्या घरातलं होतं

माझ्या भाचीच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, एक यंत्र बसवलेलं आहे. त्याच्या जोडीचा दुसरा भाग बाहेरून डोक्याला चिकटतो. तो लावला की तिला ऐकू येतं. मला येत नाही, आणि आता येणारही नाही. आजार आम्हा दोघांचा एकच. तो माझ्या आईकडून आला.

ज्यांच्या घरात एकाच माणसाला साखर आणि बहिरेपण दोन्ही होतं, मग त्याच्या बहिणीला, मग बहिणीच्या लेकरांना, आणि तरी या दोन गोष्टी कोणी एकत्र जोडून पाहत नाही, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. आम्ही पन्नास वर्षं जोडून पाहिल्या नाहीत. मी तर जोडू दिल्या नाहीत, असंच म्हणायला हवं. त्यापायी एका माणसाचं आयुष्य वाया गेलं. तो माणूस म्हणजे माझ्या भाचीचा नवरा, हेमराज.

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. पापण्या आपोआप खाली येतात, म्हणून सकाळीच थोडं थोडं लिहितो. पापण्यांचं हे मिटणंही त्याच आजाराचं, असं डॉक्टर म्हणाल्या.

प्रत्येकाला वेगळं कारण

मी चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, ड्रिल मशीनवर होतो. खाण कामगारांच्या वसाहतीत सगळेच मोठ्याने बोलायचे, त्यामुळे माझे कान कमी होत चालले आहेत हे माझ्या लवकर लक्षात आलं नाही. पस्तिशीच्या आतच शब्दांचे शेवट गळायला लागले. त्याच सुमारास साखर निघाली. सोबतचे हसायचे. "याले बायकोचं ऐकू येत नाई, पन सुट्टीचा भोंगा बराबर ऐकू येते," असं आमचा मुकादम म्हणायचा. मीही हसायचो. "मशीनवर कान गेले" हे सांगायला मला बरं वाटायचं. कष्टाच्या माणसाला शोभेल असं ते कारण होतं.

पण माझ्या आईने खाण कधी पाहिली नव्हती. तिचे कान चाळिशीच्या आतच गेले होते. तिला "तापात गेले" असं आम्ही म्हणायचो. माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणायचो, आयुष्यभर धानाच्या बांधीत राबली. तिचे कान बाळंतपणात वारं शिरून गेले, असं म्हणायचो. दोघींनाही साखर होती. ती "चिंतेने" झाली होती. आमच्या घरात प्रत्येक बहिऱ्याला वेगळं कारण होतं, आणि एकाचं कारण दुसऱ्याच्या कारणाशी कधी मिळू दिलं नाही.

पाहुणे आले तो दिवस

बाईचा नवरा लवकर गेला. तिची एकुलती मुलगी सुनंदा माझ्याच घरी, मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात वाढली. तिचं लग्न जमवायचं काम मामा म्हणून माझ्याकडे आलं. साकोलीकडचं स्थळ होतं. घर धानाचं, माणसं मोठ्या मनाची.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना आडनाव, कुळी, बापाचे भाऊ, शेत, सगळं विचारतात. मुलीच्या आईकडचं काही विचारत नाहीत. मामा समोर बसला आहे, म्हणजे तिकडचं पाहून झालं असं धरतात. मी समोर बसणार होतो. माझे कान कमी होते, पण माझ्याकडे खाण होती. बाई स्वयंपाकघरात डोक्यावर पदर घेऊन बसली असती तरी चालणार होतं. मुलीच्या विधवा आईने पाहुण्यांशी बोलावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. अडचण होती ती माझ्या आईची. ती बाहेर येणार, पाहुण्यांना मोठ्याने काहीबाही विचारणार, उत्तर ऐकू न आल्याने पुन्हा विचारणार.

म्हणून आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, म्हणजे हातवारे करून ओरडलो, की आंधळगावला माझ्या सासुरवाडीला जाऊन राहा, तिथे सासूची तब्येत बरी नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं.

"मले कायले धाडतेस, बाबू?" ती म्हणाली. "मी कोठ्यात बसून राहतो ना. ढोराजवळ कोन पाहायले येते?"

मी तिला कोठ्यात बसू दिलं नाही. तेवढी माझ्यात लाज होती. पण बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हेमराजचे वडील दशरथजी यांनी चहा पिता पिता विचारलंच. साधा माणूस. मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून वाकून बोलत होते.

"मामाजी, तुमचे कान जरा कमी दिसतेत. घरात अजून कोनाले आहे का असं?"

"खानीतलं आहे जी," मी म्हणालो. "मशीनवर होतो ना. घरात कोनालेच नाई."

"मंग बरं आहे," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

भिंतीपलीकडे बसलेल्या माझ्या बहिणीला यातलं काही ऐकू गेलं नाही. गेलं असतं तर तिने मला अडवलं असतं का, ते आता कोण सांगणार? लग्न झालं. सुनंदाला नवरा चांगला मिळाला. हे मी आज लिहितो. पुढे कितीतरी वर्षं माझ्या तोंडून हे कधी निघालं नाही.

थापड

मुलगी झाली, पल्लवी, आणि सुनंदाचे कान उतरायला लागले. मोठं कुटुंब, मोठं अंगण. सासू अंगणातून हाक मारायची आणि ही वळायची नाही. "मोठ्या घमंडाची आहे" असं व्हायला लागलं. सुनंदाने कोणाला सांगितलं नाही. तिलाही वाटलं असेल, सांगितलं तर परत पाठवतील.

रोवण्याचे दिवस होते. धानाची रोपं लावायला मजूर बाया आल्या होत्या. हेमराज बांधावरून तिला काही आणायला सांगत होता. एकदा, दोनदा, बऱ्याचदा हाक मारली. ती पाठमोरी होती. बायांमधली एक जण हसून म्हणाली, "भाऊ, तुमची मालकीन तुमाले मोजत नाई बाप्पा!" सगळ्या हसल्या. तो चिखलातून आला आणि त्याने तिच्या डाव्या कानाखाली थापड मारली.

ती थापड मारली गेली होती. हे मला पुसायचं नाही. त्याआधी त्याने कधी हात उचलला नव्हता, नंतरही नाही, असं सुनंदाच सांगते. पण मारली होती.

पुढच्या आठवड्यात ती पल्लवीला घेऊन आमच्याकडे आली. कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं म्हणाली. थापडेचं तिने सहज सांगितलं. तिला त्या दिवसाचा अपमान जास्त सलत होता. मी मात्र ते ऐकून एकदम सुटल्यासारखा झालो. आता या मुलीच्या कानालाही एक वेगळं कारण मिळालं होतं.

"थापडेनं कान फुटला तुझा," मी म्हणालो.

"नाई मामा," ती म्हणाली, "मले तर आधीपासूनच कमी ऐकू येऊन राहिलं होतं. पल्लवी झाली तवापासून."

"तुले काय समजते? थापडेनंच गेला."

हे वाक्य मी तिला किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. ती "आधीपासून" म्हणायची, मी "थापडेनं" म्हणायचो. एक दिवस तिने "आधीपासून" म्हणणं सोडलं. मग तिनेही तेच सांगायला सुरुवात केली जे मी सांगत होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम कुठलं असं मला कोणी विचारलं, तर मी पुढच्या बैठकीचं सांगणार नाही. हेच सांगेन.

सुनंदाने परत जायचं की नाही हे ठरवायला बैठक हेमराजच्या गावात, देवळाच्या ओट्यावर झाली. त्या ओट्यावर सगळ्यात कमी ऐकणारा मी होतो आणि सगळ्यात जास्त बोललो मी. दशरथजी एवढंच म्हणाले, "मामाजी, एकदा नीट आठवून पाहा. तुमच्याकडे कोनाले..." मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. माझी आई तेव्हा वारली होती. मी भर सभेत सांगितलं की माझी माय मरेपर्यंत चांगली ऐकत होती. मेलेल्या आईला मी दुसऱ्यांदा आंधळगावला पाठवलं.

हेमराज उभा राहिला. "मारलं," तो म्हणाला. "एकदा मारलं. माझं चुकलं. पन कान..." आणि खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याने माझं ऐकलं आहे आणि त्याला ते पटलं आहे. त्यालाही वाटलं की आपल्याच हाताने झालं.

सुनंदा परत गेली नाही. काही महिन्यांनी तिचा उजवा कानही गेला. लोकांनी विचारलं, थापड तर डावीकडे पडली, मग उजवा कसा? मी म्हणालो, एक गेला की त्याच्या दुःखाने दुसरा जातो. लोकांनी माना डोलावल्या. त्या गावात हेमराजला पोरं "कानफोड्या" म्हणू लागली. त्याला पुन्हा कोणी मुलगी दिली नाही.

ज्या दिवशी आजाराला नाव मिळालं

पुढे बाई गेली, माझी बायको गेली. सुनंदा आणि मी, दोन बहिरी माणसं, एका घरात राहिलो. कानाची मशीन दोघांकडेही होती, दोघांच्याही ती हळूहळू उपयोगाची राहिली नाही. आमच्यात बोलणारी एकटी पल्लवी. तिने शाळेतली तिची जुनी पाटी काढली. जे सांगायचं ते त्यावर लिहायची.

सुनंदालाही साखर निघाली होती, ती आवरेना, म्हणून पल्लवीने आम्हाला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत म्हणून गेलो होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्या सुनंदाला तपासता तपासता थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या पापण्यांकडे. मग पल्लवीला काहीतरी म्हणाल्या. पल्लवीने पाटीवर लिहिलं, "आजोबा, तुम्हाला पण साखर आहे का, विचारतात. आणि कान किती वयात गेले?"

मी सांगितलं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि त्यावर गोल आणि चौकोन काढायला लागल्या. गोल म्हणजे स्त्री, चौकोन म्हणजे पुरुष. घरच्यांची नावं विचारली. मी वडिलांपासून सुरुवात केली, मग आजोबा, पणजोबा. मला वडिलांकडच्या कितीतरी पिढ्या पाठ आहेत. डॉक्टरांनी हात हलवून थांबवलं आणि पल्लवीने लिहिलं, "तिकडचं नको. आईकडचं सांगा. तुमच्या आईच्या आईचं नाव काय?"

मला ते माहीत नव्हतं. आईचं स्वतःचं माहेरचं नावही माहीत नव्हतं, कारण लग्नात ते बदललं होतं. ज्या वाटेने हा आजार आमच्याकडे आला, त्या वाटेवरच्या एकाही बाईचं जन्माचं नाव मला सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी आईचा गोल काळा केला. बाईचा काळा केला. माझा चौकोन काळा केला. सुनंदाचा गोल काळा केला. मग पेन पल्लवीच्या गोलावर आलं. तो त्यांनी काळा केला नाही. त्यात प्रश्नचिन्ह काढलं. पल्लवी ते बघत होती.

रक्ताचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. तो आल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं ते असं. शरीराच्या प्रत्येक पेशीत तिला शक्ती पुरवणाऱ्या बारीक बॅटऱ्या असतात. त्या आईकडूनच येतात, बापाकडून नाही. आमच्या घराच्या बॅटऱ्यांत दोष आहे. ज्या अवयवांना जास्त शक्ती लागते ते आधी थकतात, कान, साखर सांभाळणारी ग्रंथी, हृदय, पापण्या. बहिणीची मुलं यात सापडतात, भावाची वाचतात. म्हणून माझा नागपूरचा मुलगा आजही टेलिफोनवर बोलतो.

मी विचारलं, "खाणीमुळे नाही?" त्यांनी नाही अशी मान हलवली. "मारामुळे?" पुन्हा मान हलवली.

पल्लवी तेव्हा सुनंदाला घेऊन औषधांच्या खिडकीपाशी गेली होती. ती परत आल्यावर मी तिला काय सांगावं? "आजार होताच," मी म्हणालो, "पण तुझ्या बापाच्या थापडेनं घात केला." खोटं टाकून द्यायची वेळ आली होती, तेव्हा मी ते थोडं डागडुजी करून पुन्हा वापरात आणलं.

माझा नंबर लागला नाही

आमच्या आजारात बहुतेक वेळा कानातला आवाज पकडणारा भाग मरतो, मेंदूकडे जाणारी नस पुष्कळदा शाबूत राहते. म्हणून कानाच्या आत यंत्र बसवून नसेला थेट इशारे दिले तर ऐकू येऊ शकतं. डॉक्टरांनी "येईलच" असं म्हटलं नाही. "आशा चांगली आहे" म्हणाल्या. आम्हा दोघांच्याही तपासण्या झाल्या. सुनंदा योग्य निघाली. माझं हृदय कमजोर निघालं, त्याला भूल झेपणार नाही म्हणाले.

मी मोठेपणाने म्हणालो, "तिचंच करा, माझं काय राहिलं आता!" सगळ्यांना वाटलं, मामाचं मन मोठं. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला. बाहेरच्या बाकावर बसून मी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होतो आणि मला सगळ्यांचा राग येत होता.

पैशाचं कसं जमलं ते इथे लिहीत नाही. जमलं.

वॉर्डात

सुनंदाला आधी लस दिली, मग भरती केलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो आधीच सांगा. आमच्यासारखं शरीर फार वेळ उपाशी राहू शकत नाही. इतर रोग्यांना सकाळपासून नुसतं कोरडं ठेवलं होतं, सुनंदाला मात्र नळीतून साखरपाणी चालू होतं. त्यावरही नजर ठेवावी लागत होती, कारण तिला साखरेचा आजार. सिस्टर दर थोड्या वेळाने बोटाला सुई टोचून जायची.

कानामागचे केस काढायचे होते. वॉर्डातल्या मावशीने उरलेले केस विंचरून सगळे डाव्या बाजूला घेतले, घट्ट वेणी घातली आणि आरसा आणून दाखवला. सुनंदा हसली. त्या सगळ्या दिवसांत मला आठवणारं तिचं हसू तेवढंच.

मग तिने पाटी मागितली. बोलता येत असूनही दवाखान्यात ती लिहायची, आपला आवाज मोठा होतो म्हणून.

"मामा, थापड तर डाव्या कानावर पडली होती. डॉक्टर उजव्यात काहून यंत्र टाकून राहिले?"

डॉक्टरांनी मला ते लिहून सांगितलं होतं. दोन्ही कान सारखेच गेलेले होते. उजव्या बाजूची ठेवण यंत्राला थोडी सोयीची होती. डाव्या कानात फुटल्याची, माराची कसलीही खूण नव्हती.

मी पाटीवर लिहिलं, "ऑपरेशन झाल्यावर सांगतो."

तिने ते वाचलं आणि पाटी माझ्या हातात परत दिली. मग तिला आत नेलं. मी दाराबाहेर बसलो. ती वाचावी असं मला वाटत होतं, आणि तिने शुद्धीवर येऊन पहिल्यांदा हेच विचारू नये असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. तिने नाही विचारलं. तिला गरगरत होतं, उलट्या होत होत्या, तोंडाची चव गेली होती. दुसऱ्या दिवशी घोटभर पेज प्यायली.

यंत्र सुरू झालं

टाके वाळल्यावर काही आठवड्यांनी यंत्र चालू केलं. असे कार्यक्रम मोबाईलवर लोक दाखवतात, पहिला आवाज येतो आणि माणूस आनंदाने रडतो. आमच्याकडे तसं झालं नाही. सुनंदा दचकली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पल्लवी "आई, आई" म्हणत होती. सुनंदा म्हणाली, "राखेनं भांडे घासल्यावानी आवाज येऊन राहिला. यात तुझा कोनता?"

पल्लवी खोलीबाहेर जाऊन रडली. मला वाटलं, सगळं फुकट गेलं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पाटीवर लिहून मला समजावलं, कान नव्याने शिकतो आहे, धीर धरा.

धीर धरावा लागतो, आणि रोज सराव करावा लागतो. पल्लवी कागदाने तोंड झाकून शब्द म्हणायची, सुनंदा ओळखायची. पहिले महिने ती रडकुंडीला यायची, यंत्र काढून ठेवायची, संध्याकाळी पुन्हा लावायची. मग हळूहळू ताट आणि हात वेगळे झाले, पाणी आणि राणी वेगळी झाली. पावसाळा संपता संपता तिने दुसऱ्या खोलीतून मारलेल्या हाकेला ओ दिली. पल्लवीने मला येऊन सांगितलं, तेव्हा मलाही फार बरं वाटलं.

पण त्या दोघी बोलू लागल्या तशी पाटी मागे पडली. मला जेवायला बोलवायचं असलं की खांद्याला हात लावायच्या. दोघी हसायच्या, भांडायच्या, आणि मी तोंडं बघत बसायचो. त्या घरात इतकी वर्षं माझाच शब्द चालला होता. आता कोण काय म्हणतं तेच मला समजत नव्हतं.

पल्लवीने स्वतःची रक्ततपासणी अजून केलेली नाही. कान मात्र नियमाने तपासून घेते. "कळलं की सगळ्या गोष्टी त्यानेच ठरतील," असं तिने मला लिहून दाखवलं. 

सांगितलं

सुनंदा अंगणात तांदूळ निवडत होती. तिने पुन्हा कधी विचारलं नव्हतं, म्हणजे विसरली होती असं नाही. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि बोललो. पाटीवर लिहून सांगता आलं असतं, पण पाटीवर लिहिलेलं पुसता येतं.

मला माझा आवाज ऐकू येत नाही. मोठा निघाला की लहान, ते कळत नाही. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, त्यावरून मोठाच असावा. मी सांगितलं, पाहुणे आले तेव्हा आजीला आंधळगावला का पाठवलं होतं. दशरथजींना काय सांगितलं. ओट्यावर काय बोललो. आणि म्हणालो, "तू म्हणत होतीस तेच खरं होतं. तुझे कान आधीपासूनच जात होते. तुझ्या तोंडातून ते मी काढून टाकलं."

तिचे हात सुपात थांबले होते. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग उठून आत गेली. मला वाटलं आता येत नाही. ती पाटी घेऊन आली.

"थापड तर खरी होती ना?"

मी मान डोलावली. खरी होती.

तिने पुसून पुन्हा लिहिलं. "मंग दोन्ही सांगा. तिथं जाऊन. जिथं बोलले तिथंच."

मी म्हणालो, दशरथजी तर वारले. आता कोणाला सांगायचं?

तिने पाटी पुन्हा पुसली. शेवटी लिहिलं, "मी येतो संगं."

ओटा

आम्ही भंडाऱ्याहून साकोलीची बस घेतली आणि तिथून हेमराजच्या गावाला गेलो. पल्लवीला सुनंदाने आणलं नाही. तलावाच्या पाळीवरून चालत जाताना ती पुढे होती, मी मागे. देवळाला नवा रंग दिला होता. ओटा तोच होता.

निरोप आधीच गेला होता. त्या बैठकीतली मोजकी म्हातारी माणसं राहिली होती, ती बसली होती. बाकी तरुण उभे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. हेमराज बोअरवेलच्या हातपंपाला टेकून उभा होता. केस पांढरे. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला.

मी उभा राहिलो आणि बोललो. "बहिरेपण आमच्या घरातलं होतं. माझ्या मायले होतं, बहिनीले होतं, मले आहे. मले तवाच संशय होता आनि मी लपवला. या मानसानं एकदा थापड मारली, थे त्याचं चुकलं. पन पोरीचे कान त्यानं नाई घेतले. त्याले तुमी जे नाव ठेवलं थे माझ्यामुळं. दशरथजी मले विचारत होते, मी त्यायले बोलू दिलं नाई."

 मी हात जोडले.

कोणी तरी काही म्हणालं असेल. मला तोंडं हलताना दिसली. मग हेमराज पुढे आला. खर्रा थुंकला, मिशी पुसली आणि बोलायला लागला. मला घरच्या माणसांची तोंडं थोडी वाचता येतात. त्याचं मला वाचता येईना. जबडा सुजल्यासारखा, मिशी ओठांवर आलेली. आधी तो माझ्याकडे बघून बोलला. मग माझ्याकडे बघणं सोडून सुनंदाकडे बघून बोलत राहिला. बराच वेळ बोलला. मध्येच थांबला, पुन्हा बोलला. सुनंदाने मान वळवून उजवी बाजू त्याच्याकडे केली होती. एकदा तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि काही विचारलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं असावं, कारण या वेळी तो सावकाश बोलला.

मग ती काहीतरी म्हणाली. लहानसंच. हेमराजने खाली पाहिलं आणि तो घराकडे निघून गेला. एका म्हाताऱ्याने आम्हाला पाणी दिलं. सुनंदाने घेतलं, मीही घेतलं.

साकोलीच्या बसस्टँडवर मी तिला विचारलं, "काय म्हणाला तो?"

ती येणाऱ्या बसकडे पाहत होती. मी पिशवीतून पाटी काढून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, पुन्हा पिशवीत ठेवली आणि पिशवीची दोरी ओढून बांधली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तिने मला सांगितलेलं नाही. पल्लवीला विचारायला लावता आलं असतं. त्या गावातल्या कोणाकडून लिहून मागवता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. त्याने मला माफ केलं की शिव्या दिल्या, तिला परत ये म्हणाला की येऊ नको म्हणाला, यातलं मला काही माहीत नाही. सुनंदा माझं जेवण वाढते, माझ्या गोळ्या काढून देते. रविवारी दुपारी कधी कधी ती यंत्राला मोबाईल लावते, अंगणाच्या त्या टोकाला जाऊन बसते आणि कोणाशी तरी बोलते. मी इकडे बसून तिचे ओठ वाचायचा प्रयत्न करतो. ती माझ्याकडे पाठ करून बसते.